‘नॉर्मलच’मधला ‘च’

सातव्या-आठव्या महिन्यात समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या स्त्रियांकडून एक चिंता मी इतक्यांदा ऐकली आहे की तिच्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. ती चिंता अशी : ‘प्रसूती कशी व्हावी हे मी लिहून काढले आहे, पण ऐनवेळी तसे झाले नाही तर?’

अशाच एका शिक्षिकेने (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) पहिल्या भेटीत माझ्यासमोर पाच पानांचे नियोजन ठेवले. झोप उडाली होती, आणि बाळंतपणासाठी माहेरी जायचे असल्याने तिथल्या डॉक्टर हे सारे मान्य करतील का, या विचाराने ती हैराण होती. पहिल्या दोन भेटींत मी तिला फक्त बोलू दिले. तिसऱ्या भेटीत मात्र ती पाने मोठ्याने वाचायला आणि प्रत्येक आग्रही ‘च’खाली पेन्सिलने रेघ ओढायला सांगितले. ‘नॉर्मलच व्हायला हवी. टाके पडताच कामा नयेत. नवरा शेजारी असलाच पाहिजे.’ तिसऱ्या पानावर तिची पेन्सिल थांबली.

‘‘आणि सिझर झालं, तर स्वतःला काय म्हणाल?’’ मी विचारले.

बराच वेळ ती गप्प होती. ‘‘म्हणेन, आईला जमलं, जाऊबाईंना जमलं, मलाच जमलं नाही.’’

‘‘या वाक्यातही एक ‘च’ आहे.’’

तिने पानांकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, ‘‘म्हणजे हे मी डॉक्टरांसाठी लिहिलंच नव्हतं, मॅडम.’’

अनेक वर्षांच्या कामात असे क्षण मला मोजकेच लाभले आहेत. तिचे नियोजन हे खरे तर परीक्षेत नापास होऊ नये म्हणून केलेली तटबंदी होती, आणि हे मी सांगण्याआधी तिचे तिलाच दिसले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955पासून मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारसरणीवर माझी श्रद्धा आहे, ती याचसाठी : इच्छा कितीही तीव्र असू द्यावी, तिची अट झाली की भीती सुरू होते.

पुढच्या भेटीत आम्ही एकही इच्छा न खोडता सगळे एका पानावर आणले. हे मी मुद्दाम सांगते, कारण ‘डॉक्टर सांगतील ते ऐकायचे’ असे म्हणून घरची मंडळी अशा स्त्रीला गप्प करतात आणि तिच्या रास्त अपेक्षाही बुडतात. प्रसूतीत सोबतीला आपल्या पसंतीची व्यक्ती असावी, कळांच्या काळात हिंडण्या-फिरण्याची मुभा असावी, योनिमार्गाला छेद सरसकट दिला जाऊ नये, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही 2018च्या शिफारशींत सांगितले आहे. बाळाची प्रकृती ठीक असेल तर नाळ किमान एक मिनिट थांबून कापावी, हेही मागण्यासारखे आहे. मात्र प्रसूतिकक्षात अनेक खाटा एकत्र असतील, तर इतर स्त्रियांच्या खासगीपणासाठी नवऱ्याला आत सोडत नाहीत. अशा वेळी आई किंवा बहीण चालेल का, हे आधी विचारलेले बरे. म्हणून माहेरी पोहोचताच प्रसूतिकक्ष पाहून यायला आणि कागद डॉक्टरांपुढे ठेवून ‘यातले इथे काय शक्य आहे?’ एवढेच विचारायला मी तिला सुचवले. कळा सुरू असताना तिला वाद घालता येणार नाही, तेव्हा तो कागद सोबतच्या व्यक्तीलाही पाठ हवा.

पानाच्या खालच्या भागात तिने स्वतःहून ‘जर-तर’ लिहिले : जर सिझर करावे लागले, तर कारण मला सांगावे, बाळ लगेच दाखवावे, आणि शक्य होताच माझ्याजवळ द्यावे.

कळा सुरू होऊन बारा तास झाल्यावर बाळाचे ठोके मंदावले आणि सिझर करावे लागले. दोन महिन्यांनी तिचा फोन आला. ‘‘डॉक्टरांनी कारण सांगितलं, मॅडम, आणि बाळाचा गाल माझ्या गालाला लावला. रडले खूप. पण जाऊबाई भेटायला आल्या, तेव्हा ‘सिझर झालं’ एवढंच सांगितलं, पुढे काही समजावत बसले नाही.’’