स्ट्रॉम्बोली एवढासा ज्वालामुखी, मग शास्त्रज्ञ त्याच्या एवढे मागे का?

इटलीतल्या सिसिलीत एटनासारखा तिपटीहून उंच ज्वालामुखी असताना तिथल्याच एका छोट्या बेटावरच्या ९२४ मीटरच्या स्ट्रॉम्बोलीत एवढं काय आहे, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते मुख्य कारण हे की तो वाट बघायला लावत नाही.

मी भूशास्त्र शिकलेलो नाही. एकदा संध्याकाळच्या बोटीने तिकडे गेलो आणि तेव्हापासून नाद लागला. बोटवाल्याने अंधारात इंजिन बंद केलं. शिखराजवळ लाल कारंजं उडालं, निखारे उतारावरून घरंगळत समुद्राकडे आले, आणि ते विझायला लागल्यावर कुठे ‘धुम्म’ ऐकू आलं. शेजारच्या आजोबांनी घड्याळावर बोट ठेवून ‘पंधरा’ अशी खूण केली. पुढचं कारंजं सतराव्या मिनिटाला. एसटीपेक्षा बरं!

हे असं दोन हजार वर्षांहून जास्त काळ चाललंय. म्हणून तर अशा स्फोटांना जगभर ‘स्ट्रॉम्बोलियन’ म्हणतात. दुसरीकडे उपकरणं लावून वर्षानुवर्षं ताटकळावं लागतं. आपल्या अंदमानातलं बॅरन बेटच घ्या. जागतं आहे, पण निर्मनुष्य आणि आडबाजूला. स्ट्रॉम्बोलीवर वस्ती आहे, वीज आहे, बोटी आहेत आणि दिवसाला शंभरच्या आसपास स्फोट. आज चुकलेलं मोजमाप पाव तासाने पुन्हा घेता येतं.

आता हे स्फोट होतात कसे? पिठलं रटरटताना बघा. पाण्यातून वाफ गुपचूप निघून जाते, पण पिठल्यात ती अडकते, बुडबुडे एकत्र येतात आणि एखादा मोठा फुटला की ओट्यावर शिंतोडे. स्ट्रॉम्बोलीच्या नळीत वायूचा असाच मोठा फुगा वर येतो आणि तोंडाशी फुटतो, असं मानतात. नळीच्या वरच्या भागातला लाव्हा स्फटिकांनी दाट झालेला असतो, ते झाकणासारखं काम करतं का, यावर अजून वाद आहेत.

त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे सोनेरी दगड. रोजच्या स्फोटात काळे, खरबरीत दगड पडतात. पण क्वचित होणाऱ्या मोठ्या उद्रेकात त्यांच्याबरोबर हलका, सोनेरी झाक असलेला सच्छिद्र दगडही पडतो. तो काही किलोमीटर खोलवरून, वाटेत स्फटिक धरायला वेळ न मिळता सरळ वर आलेला असतो. म्हणजे दगड हातात घेतला की माल कुठल्या मजल्यावरून आला ते कळतं.

आणि मोठे उद्रेक हीच खरी काळजी. ३० डिसेंबर २००२ रोजी ‘शारा देल फुओको’ हा उतार कोसळून त्सुनामी आली आणि किनाऱ्यावरच्या घरांची नासधूस झाली. नशीब, हिवाळा होता. उन्हाळ्यात त्याच किनाऱ्यावर पर्यटकांची झुंबड असते. ३ जुलै २०१९ च्या उद्रेकात एक गिर्यारोहक दगावला, आणि २८ ऑगस्टला पुन्हा तसाच भडका उडाला.

इथे त्या रोजच्या फुसक्या स्फोटांची किंमत कळते. स्फोटाआधी जमीन किंचित फुगते, आणि जमिनीचा कल मोजणाऱ्या यंत्रांत ती फुगण्याची रेघ छोट्या-मोठ्या दोन्ही स्फोटांत एकाच धाटणीची दिसली. मोठ्याच्या वेळी ती जास्त उंच जाते आणि जास्त आधी सुरू होते, इतकंच. हजारो छोटे स्फोट नोंदवलेले नसते तर हे कोणाच्या लक्षात आलं असतं? आता बेटावर भोंगे आहेत. यंत्रांनी धोका ओळखला की ते आपोआप वाजतात. काही मिनिटंच मिळतात, पण किनाऱ्यावरून वरच्या गल्लीत पळायला तेवढी पुरतात.

तुम्हाला जायचं असेल तर २०१९ नंतर शिखरापर्यंत सोडत नाहीत. रात्रीची बोट धरा आणि स्वेटर न्या, मी विसरलो होतो.