इतिहासाच्या अभ्यासक असून मुलांसाठी भुताखेतांच्या, जादूच्या कादंबऱ्या लिहिता. मुलांच्या डोक्यात खरं-खोट्याची खिचडी होत नाही का?

प्रश्न रास्त आहे. माझे सहकारीही तोच विचारतात, फक्त जरा तिरकसपणे. मी देवगडच्या बाजूला राहते, कॉलेजात इतिहास शिकवते, मोडी कागद वाचते आणि उरलेल्या वेळात दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी देवचार (गावाची राखण करणारं भूत), गिऱ्हे (पाण्यातली भुतं) आणि बुडालेली गलबतं यांच्या कादंबऱ्या लिहिते.

खिचडी होते, पण तुम्हाला वाटते तिथे नाही. माझ्या एका कादंबरीत गिऱ्हा खाडीच्या तोंडाशी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्या होड्यांकडून जकात घेतो. हे काही कोणी परीक्षेच्या पेपरात लिहून येत नाही. उलट एखाद्या 'अस्सल' ऐतिहासिक कादंबरीत लेखकाने महाराजांच्या तोंडी घातलेलं वाक्य मुलं वक्तृत्व स्पर्धेत त्यांचे उद्गार म्हणून ठोकून देतात, आणि परीक्षक माना डोलावतात. अशक्य गोष्ट मुलं वासावरून ओळखतात. जे घडू शकलं असतं पण घडलं नाही, ते मात्र बिनबोभाट इतिहासात शिरतं आणि मग बाहेर काढता येत नाही.

आमच्या विजयदुर्गाचंच बघा. किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' आहेत. 1868 साली लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने या ओट्यांवर दुर्बीण लावली आणि हेलियम शोधला, असं इथलं शेंबडं पोरही सांगेल. 18 ऑगस्ट 1868 ला खग्रास ग्रहण झालं हे खरं. पण त्या दिवशी लॉकियर इंग्लंडात होता. ग्रहण बघायला आलेला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन होता गुंटूरला, म्हणजे पार पलीकडच्या किनाऱ्याजवळ. लॉकियरने सूर्याच्या वर्णपटातली पिवळी रेषा, म्हणजे हेलियमची खूण, ऑक्टोबरात घरबसल्या पाहिली. विजयदुर्गावर तो आला तो 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी. तोवर रॅम्से या रसायनशास्त्रज्ञाने पृथ्वीवरच हेलियम वेगळा काढून (1895) तीन वर्षं होत आली होती. ओटे खरे, साहेब खरा, हेलियम खरा. गाठ तेवढी खोटी. आणि यात एकही भूत नाही, बरं का!

म्हणून मी स्वतःला दोन बंधनं घालून घेतली आहेत. पहिलं, होऊन गेलेल्या माणसाच्या तोंडी एकही वाक्य घालायचं नाही. विजयदुर्ग ज्याच्या ताब्यात होता तो तुळाजी आंग्रे माझ्या कादंबरीत आहे, पण पाठमोरा, तटावर, लांबून दिसणारा. बोलतात ती भुतं आणि मी जन्माला घातलेली पोरं.

दुसरं बंधन माझ्या जास्त आवडीचं. समुद्र, चंद्र, अंतर आणि तारीख यांच्यावर जादू चालवायची नाही. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांच्या आरमाराने समुद्राकडून आणि पेशव्यांच्या फौजेने जमिनीकडून विजयदुर्ग कोंडला. तोफेचा पेटता गोळा एका जहाजावर पडला आणि आग एकाकडून दुसऱ्याकडे जात आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं. माझ्या कादंबरीत ही जळकी गुराबं, म्हणजे लढाऊ जहाजं, परत येतात आणि वाघोटणच्या खाडीतून गिर्येच्या गोदीत शिरू बघतात. भुताची असली तरी गुराबंच ती, त्यांना खाली पाणी लागतं. आपल्याकडचा जुना हिशोब तुम्हाला ठाऊक असेल: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला साधारण तीन, अष्टमीला सहा. पण अष्टमीला भांग, पाणी पुरतं चढत नाही. उधाण अमावास्येला नाहीतर पौर्णिमेला. तांडेलाची मुलगी अष्टमीला बोटांवर हा हिशोब करते आणि गावाला सांगते की अजून सात दिवस हातात आहेत. तलवार, मंत्र, काही नाही. वाचणारी मुलं भिंतीवरचं कालनिर्णय काढून तो हिशोब पडताळतात आणि मला कळवतात. वर्गात भरती-ओहोटी शिकवून एवढं कोणी करत नाही, हे मी भूगोलाच्या सरांना मुद्दाम ऐकवते.

अंधश्रद्धा पसरवता, असाही आरोप होतो. आरवलीच्या वेतोबाला लोक हातभर लांब चपला वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. ही मुलं त्या चपला बघतच वाढलीत. मी नव्याने काय पसरवणार?

मुलांना सर्वांत खोटं वाटतं ते भलतंच. हर्णैचा सुवर्णदुर्ग 1755 मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने घेतला. तो वारल्यावर त्याच्या बायकोने 1784 साली लंडनमध्ये शूटर्स हिलवर त्याच्या आठवणीखातर एक तिकोनी बुरूज बांधला, आणि त्याला आमच्या हर्णैच्या किल्ल्याचं नाव दिलं, इंग्रजी जिभेला जमेल तसं: सेव्हर्नड्रूग. तो अजून उभा आहे. हे प्रकरण आलं की हमखास विचारणा होते, "मॅडम, ह्यां खरां काय?" जळक्या गुराबांबद्दल कोणी विचारत नाही. पुस्तकाच्या शेवटी मी दोन पानं देते, काय घडलेलं आणि काय रचलेलं. तुमच्या घरी कोणी वाचणारं असेल तर ती पानं आधी दाखवू नका, त्याला ओळखू द्या.

सध्या अफनासी निकितिनवर अडकले आहे. हा रशियन व्यापारी 1470 च्या सुमारास विकायला एक घोडा घेऊन चौलला उतरला. जुन्नरला तिथल्या खानाने घोडा काढून घेतला, धर्म बदल म्हणून अडवलं, मग मध्यस्थी होऊन घोडा परत मिळाला. परतताना निकितिन दाभोळहून जहाजात बसला. पोर्तुगीज यायला अजून वेळ होता, म्हणजे कोकणात काजू नाही, मिरची नाही, बटाटा नाही. मिरचीवाचून माशाचं कालवण कसं करायचं यावर माझे दिवस चाललेत. मिरी आणि कोकमावर येऊन थांबलेय. कादंबरीत घोडा भरपूर बोलतो, तक्रारखोर आहे. निकितिन अर्थातच गप्प.