बलकाच्या रंगातील चेहरा

प्रश्न : मी अनेक वर्षे ॲक्रिलिकमध्ये चित्रे रंगवतो. आता 1300 च्या सुमाराचा इटालियन चित्रकार दूच्चो याच्या लहान ‘माता आणि बाळ’ या चित्राची प्रतिकृती करून अंड्याच्या टेम्परेचे, म्हणजे अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांचे, तंत्र शिकू पाहत आहे. परंतु ॲक्रिलिक गेसो हे तयार पांढरे अस्तर लावलेल्या फळीवर दुसरा थर देताच खालचा रंग निघून येतो, आणि चेहऱ्यावरील छटा एकमेकींत मिसळत नाहीत. चूक कोठे होते? आणि नुसती नक्कल करून काही शिकता येते का?

उत्तर : पहिली अडचण बहुधा फळीच्या अस्तरामुळे आली आहे. टेम्परेला पाणी शोषून घेणारे अस्तर लागते आणि ॲक्रिलिक गेसो ते पुरेसे शोषत नाही, त्यामुळे रंग वरच्या वर राहून ओल्या कुंचल्याबरोबर उचलला जातो. प्राण्यांच्या कातड्याचा सरस आणि खडूची भुकटी यांचे पातळ थर फळीवर एकावर एक चढवावेत आणि ते वाळल्यावर घासून गुळगुळीत करावेत. रंगात बलक पुरेसा आहे की नाही हेही तपासावे : काचेवर वाळवलेला रंग पात्याने खरवडल्यावर त्याची सलग पापुद्र्यासारखी साल निघाली तर प्रमाण ठीक आहे, भुकटी झाली तर बलक कमी पडला आहे.

छटा मिसळत नाहीत, हा मात्र दोष नव्हे. हा रंग काही क्षणांत वाळतो, म्हणून त्यात तैलरंगासारखे ओल्यावर ओले घोळवता येत नाही. प्रत्येक रंगाच्या गडद, मध्यम आणि फिकट अशा तीन छटा आधीच कालवून ठेवाव्या लागतात, आणि कुंचला जवळजवळ कोरडा करून, आकाराच्या वळणाने बारीक रेषा शेजारी शेजारी ओढत गोलाई आणावी लागते. एकदा ओढलेली रेष पूर्ण वाळेपर्यंत तिच्यावर पुन्हा कुंचला फिरवू नये.

आता नक्कल. 1400 च्या सुमारास रंगकामाची रीत लिहून ठेवणारा चेन्निनो चेन्निनी हा इटालियन चित्रकार शिकाऊ मुलांना उत्तम गुरूंच्या कृतींची सतत नक्कल करायलाच सांगतो, आणि मला ते मनापासून पटते. छापील चित्रात फक्त शेवटचा थर दिसतो. प्रत करताना मात्र त्याखाली काय होते, हे पदोपदी ठरवावे लागते. त्या काळी चेहऱ्याखाली हिरव्या मातीचा थर देत, त्यावर गुलाबी आणि फिकट रेषा चढवीत. तो हिरवा सावलीच्या जागी वरच्या रंगातून किंचित जाणवतो आणि त्वचेला जिवंतपणा येतो. शतकांच्या झिजेने वरचा गुलाबी थर विरळ झाला, म्हणून काही जुने चेहरे आज हिरवट दिसतात. प्रतीत तो हिरवटपणा आणू नये, थरांचा क्रम आणावा.

तुम्ही निवडलेले चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. चौकटीसह ते सुमारे 28 सेंटिमीटर उंच आहे आणि चौकटीच्या खालच्या कडेवर मेणबत्त्यांनी जळाल्याच्या खुणा आहेत, म्हणजे ते जवळून, प्रार्थनेसाठी पाहिले जात होते. प्रतही त्याच आकारात करावी. मोठी केल्यास रेषांची घनता बिघडते. सोन्याचा वर्ख तांबड्या मातीच्या लेपावर, रंगकामाच्या आधी लावला जात असे. पण सुरुवातीला तो बाजूला ठेवून मातेचा चेहरा आणि एक हात एवढेच निरनिराळ्या फळ्यांवर करून पाहावे. पांढऱ्यासाठी मूळचे शिशाचे रंगद्रव्य विषारी असल्यामुळे टिटॅनियम वापरावे. ते अधिक झाकणारे असल्याने अगदी पातळ लावावे.