आमच्यासारख्या छोट्या खरेदीदारांमुळे मीम कॉइनचा भाव खरंच हलतो का?

तुम्ही विचारलंय की मुंबईतल्या एका टेलिग्राम ग्रुपवर वीस-पंचवीस जण मिळून मीम कॉइनमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या विनोदावर काढलेल्या क्रिप्टो नाण्यात, पाच-पाच हजार टाकतात, तेवढ्याने भाव वर जातो की तो फक्त भास असतो. भाव खरोखर वर जातो. पण तो वर दिसला म्हणजे तेवढे पैसे तुम्हाला परत मिळतील, असं नाही.

नवा मीम कॉइन बहुतेक वेळा युनिस्वॅप किंवा रेडियमसारख्या विकेंद्रित एक्स्चेंजवर येतो. तिथे समोर विकणारा माणूस नसतो, पूल असतो, म्हणजे दोन नाण्यांचा सामाईक साठा. एका बाजूला कॉइन, दुसऱ्या बाजूला इथर, सोलाना किंवा डॉलरला बांधलेलं नाणं. साध्या पूलमध्ये या दोन बाजूंचा गुणाकार कायम राहील असा भाव लागतो.

समजा पूलमध्ये १० लाख रुपये आणि १० कोटी कॉइन आहेत. भाव १ पैसा. एकूण कॉइन १०० कोटी, म्हणून मार्केट कॅप, म्हणजे सगळ्या कॉइनची चालू भावाने किंमत, १ कोटी. तुम्ही वीस जणांनी १ लाख टाकले की फी सोडून साधारण ९०.९ लाख कॉइन मिळतात आणि भाव १.२१ पैसे होतो. आत आले १ लाख, मार्केट कॅप वाढलं २१ लाखांनी. ग्रुपवर स्क्रीनशॉट फिरतात ते याच आकड्याचे, आणि ते बघून पुढचे वीस जण येतात.

आता ज्याने अगदी सुरुवातीला मातीमोल भावात १० कोटी कॉइन उचललेत, तो विकायला बसतो. कागदावर त्याचे १२.१ लाख आहेत. सगळे एकदम विकले तर हातात ५.७६ लाख पडतात, तरी तो भरपूर नफ्यात. भाव मात्र ०.२७ पैशावर. त्यानंतर तुम्ही वीस जण विकायला गेलात तर १ लाखाचे सुमारे २३,८०० येतील. म्हणून मी मार्केट कॅप बघतच नाही, पूलमध्ये किती पैसे आहेत ते बघतो.

दलाल स्ट्रीटवर पेनी शेअरमध्ये, म्हणजे अगदी स्वस्त शेअरमध्ये, भाव खेळवणारे ऑपरेटर हेच करतात. पण तिथे सर्किट, म्हणजे भावाच्या चढउताराला मर्यादा, लागतं, सेबीची नजर असते. इथे सर्किट नाही आणि शेवटची लोकल गेल्यावरही बाजार चालूच.

मोठ्या कॉइनमध्ये पूल खोल असतो, तिथे भाव अपेक्षेवर चालतो. इलॉन मस्क ८ मे २०२१ ला ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’वर येणार म्हणून डोजकॉइन ७० सेंटच्या वर गेला होता. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा मुंबईत रविवारी सकाळचे नऊ वाजले होते, आणि तो चालू असतानाच भाव कोसळला. घेणाऱ्यांनी आधीच घेऊन झालं होतं. त्यात डोजकॉइनचे दरवर्षी ५ अब्ज नवे कॉइन येतात, म्हणजे भाव नुसता टिकवायलाही नवा पैसा लागतो.

घ्यायचंच असेल तर कॉइनचा पत्ता इथरस्कॅन किंवा सोलस्कॅन या व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर टाकून होल्डर्सची यादी उघडा. पूलचा आणि जाळलेल्या (कायमच्या बाद केलेल्या) कॉइनचा पत्ता वगळून पहिल्या दहा वॉलेटकडे २० टक्क्यांहून जास्त असेल तर मी लांब राहीन. पूलचा पैसा लॉक आहे का, म्हणजे कॉइन काढणाऱ्याला तो काढून घेता येत नाही ना, आणि नवे कॉइन छापायचा हक्क कुणाकडे उरलाय का, तेही तपासा. मग ५०० रुपयांचे घेऊन लगेच विकून बघा, कारण काही कॉइनच्या कोडमध्ये खरेदी चालते आणि विक्री अडते. स्लिपेज, म्हणजे दिसलेल्या भावापेक्षा किती वाईट भाव चालेल ती मर्यादा, १० टक्के ठेवू नका, बॉट (आपोआप सौदे करणारे प्रोग्रॅम) तुमच्या पुढेमागे सौदे घालून तो फरक खातात.

कराचा हिशोब आधीच करून ठेवा. नफ्यावर ३० टक्के कर, त्यावर ४ टक्के सेस, आणि एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. एकात ५०,००० मिळाले आणि दुसऱ्यात ५०,००० गेले, तरी १५,६०० रुपये भरावेच लागतात.