वाचकांचे प्रश्न : परवाना हातात आल्यानंतर

प्रश्न : माझ्या एकोणीस वर्षांच्या मुलीने तीन आठवडे ड्रायव्हिंग स्कूलला जाऊन गेल्या महिन्यात चारचाकीचा परवाना मिळवला. दिवाळीला जांबोटी-चोर्ला मार्गाने गोव्याला आत्याकडे गाडी आपणच नेणार, असा तिचा हट्ट आहे. मी शेजारी बसलो की ती गोंधळते आणि नाही बसलो तर मला चैन पडत नाही. काय करावे?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : मुलीचा उत्साह मोडू नका, परंतु तिचा पहिला लांबचा प्रवास चोर्ला घाटाचा असू नये, हे मी तुम्हां दोघांनाही स्पष्टपणे सांगतो. परवान्याच्या चाचणीत गाडी सरळ नेता येते का, मागे घेता येते का, चढावर थांबवून पुन्हा उचलता येते का, एवढेच प्रामुख्याने पाहिले जाते. पुढचा टेंपो वळणाआधीच का कचरला, रस्त्याकडेला उभ्या असलेल्या शाळकरी मुलाचे लक्ष कुठे आहे, हे ओळखणारी नजर त्यानंतरच्या महिन्यांत रस्त्यावरच तयार होते. मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांसाठी २०२१ मध्ये जे केंद्रीय नियम आले, त्यांत हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम २९ तासांचा असून त्यांपैकी २१ तास प्रत्यक्ष चालवण्याचे आहेत. तीन आठवड्यांत आपल्या मुलीच्या हाती स्टिअरिंग खरोखर किती तास होते, हे एकदा तिच्यासोबत बसून मोजा.

उरलेले तास आता तुम्हाला भरून काढायचे आहेत. सुरुवातीला सकाळच्या वेळी, कोरड्या रस्त्याने खानापूर ते बेळगाव जाऊन यावे. ते अंगवळणी पडले की बाजाराच्या दिवशी शहरात गाडी न्यावी, त्यानंतर पावसात आणि त्याही नंतर रात्री. घाट सर्वांत शेवटी, आणि तोही आधी वंटमुरीचा.

घाटाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण गाडी शिकवताना एक प्रसंग मी स्वतः पाहिला आहे. परवाना मिळून महिना झालेला एक विद्यार्थी वंटमुरीचा उतार चौथ्या गिअरमध्ये उतरत होता आणि त्याचा पाय ब्रेकवरून हलत नव्हता. अर्ध्या उतारावर जळक्या वासाने गाडी भरली, ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागले आणि पोराचा चेहरा उतरला. सततच्या घर्षणाने ब्रेक तापले की त्यांची पकड कमी होते. म्हणून जो चढ ज्या गिअरमध्ये चढावा लागला असता, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, म्हणजे वेग इंजिनच रोखून धरते आणि ब्रेक अधूनमधून, थोडा वेळच लावावा लागतो. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडण्याची सवय आपल्याकडे पुष्कळांना आहे. ती मुलीला कोणाकडूनही लागू देऊ नका. इंजिन बंद करून उतरणे तर त्याहून घातक, कारण ब्रेकला आणि स्टिअरिंगला मिळणारी मदतच त्यामुळे जाते. अरुंद जागी चढून येणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची असते, हाही नियम तिला सांगा. आणि कणकुंबीकडे पावसाळ्यात धुके उतरते, तेव्हा नवख्या हातांनी त्या वाटेला जाऊच नये.

शेजारी बसण्याबाबत एक उपाय सांगतो. तुम्ही बोलायचे नाही, तिने बोलायचे. ‘पुढे वडाप थांबले आहे, दार उघडेल, डावीकडून सायकल येते आहे,’ असे जे दिसेल ते तिने गाडी चालवताना मोठ्याने सांगत जावे. तिला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे तुम्हाला लगेच कळेल आणि तुमचा जीवही थोडा खाली पडेल. तुम्ही उच्चारायचा शब्द एकच, ‘थांब’. बाकीचे सारे गाडी बाजूला लावल्यावर बोलावे.

प्रश्न : गळीत हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत. नव्याने गाडी चालवणाऱ्याने काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : ट्रॉलीबाहेर लोंबणाऱ्या उसाने मागचा दिवा झाकला जातो, जोडट्रॉलीची लांबी अंधारात लक्षात येत नाही आणि तिचा वेग आपल्या निम्म्यानेही नसतो. गाडीचा खालचा झोत साधारण चाळीस-पन्नास मीटरपर्यंतच नीट दाखवतो. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर २५ मीटर तिथेच संपतात आणि कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी वीसेक मीटर लागतात. ८० च्या वेगात हीच बेरीज सत्तर मीटरच्या आसपास जाते, म्हणजे ट्रॉली दिसेल तेव्हा उशीर झालेला असेल. वेग दुप्पट केला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर चौपट होते, ही गोष्ट मी प्रत्येक विद्यार्थ्याला वहीत लिहायला लावतो. म्हणून हंगामात रात्री ५० च्या आतच राहावे, समोरून वाहन नसेल तेव्हा वरचा झोत वापरावा आणि पुढच्या वाहनाने ओलांडलेल्या खांबाशी आपण किमान तीन सेकंदांनी पोहोचू, एवढे अंतर राखावे. ट्रॉलीवाल्यांनाही माझी कळकळीची विनंती आहे की, मागच्या बाजूला परावर्तक पट्ट्या लावाव्यात आणि त्या उसाखाली झाकू देऊ नयेत.

प्रश्न : बेळगावला येताना फलकांवरील कन्नड वाचता येत नाही, त्यामुळे धास्ती वाटते.
— एक वाचक, चंदगड तालुका

उत्तर : वाहतुकीच्या चिन्हांचा आकार देशभर सारखाच आहे. गोल चिन्ह आज्ञा देते, त्रिकोणी सावध करते, चौकोनी माहिती देते. अष्टकोन दिसला की पूर्ण थांबावे आणि उलटा त्रिकोण दिसला की दुसऱ्याला वाट द्यावी. ‘निधानवागि चलिसि’ म्हणजे सावकाश चला, एवढे मात्र शिकून ठेवा. येथील रस्त्यांवर ते उपयोगी पडते. गोगटे सर्कलसारख्या चौकात शिरताना उजवीकडून येणाऱ्यांना आधी जाऊ द्या.

प्रश्न : सोळा वर्षांचा मुलगा शिकवणीला स्कूटर नेतो. गावात सगळीच मुले नेतात, आम्हालाही वेळ नसतो. यात कितपत चूक आहे?
— एक पालक, चिकोडी तालुका

उत्तर : चूक मोठी आहे, आणि ती मुलापेक्षा आपली अधिक आहे. सोळाव्या वर्षी केवळ ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा परवाना मिळू शकतो. आज घरोघरी असलेल्या स्कूटर त्याच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक क्षमतेच्या आहेत. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम १९९-अ नुसार, अल्पवयीन मुलाकडून गुन्हा घडल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. अपघात झाल्यास विम्याचा प्रश्न उभा राहतो, तो वेगळाच. अठरा पूर्ण होताच त्याला शिकाऊ परवाना काढून द्या. त्यानंतर किमान ३० दिवस लाल ‘एल’ची पाटी लावून शिकू द्या आणि मगच पक्क्या परवान्याच्या चाचणीला पाठवा. तोपर्यंत शिकवणीच्या वेळी त्याला तुमच्या मागे बसवून न्या, आणि हेल्मेट दोघांच्याही डोक्यावर असू द्या.