पाठवलेला कोड अडतो कुठे?

प्रश्न : खुल्या प्रकल्पाला (ज्याचा कोड सगळ्यांना बघता-बदलता येतो) पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल घ्या' अशी विनंती, पाठवून तीन आठवडे झाले. ना होकार, ना नकार. पुन्हा पाठवू का?
(विद्यार्थी, खानापूर)

नको. त्याच रिक्वेस्टखाली दोन ओळींत आठवण करून द्या. तपासणारे बहुतेक जण नोकरी सांभाळून हे काम करतात. त्याआधी आपोआप चालणाऱ्या चाचण्या पास झाल्यात का ते बघा. तिथे लाल खूण दिसली की पुष्कळ मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, पुढे वाचतच नाहीत. वेळही बघावी लागते. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, एक आवृत्ती निघाली की पुढचे सुमारे दोन आठवडे नवे बदल मुख्य शाखेत घेतात, मग सहा-सात आठवडे फक्त दुरुस्त्या चालतात. त्या दोन आठवड्यांत मेंटेनरला मान वर करायला फुरसत नसते, तेव्हा नवा पॅच (कोडमधला बदल) पाठवण्यात अर्थ नाही.

प्रश्न : सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनच्या खुल्या प्रोग्रॅममधली एक चूक सुधारली आणि जाता जाता आजूबाजूचा कोडही नीटनेटका केला. चौतीस फायली झाल्या. 'तुकडे करून पाठवा' असं उत्तर आलं. काम चांगलं असताना ही अडवणूक कशासाठी?
(मशीन ऑपरेटर, उद्यमबाग)

अडवणूक नाही ही. तुमची खरी दुरुस्ती दहा-बारा ओळींची असेल, ती चौतीस फायलींच्या साफसफाईत हरवली. तपासणाऱ्यानं ती शोधायची कशी? शॉपमध्ये तुम्ही एका वेळी एकच ऑफसेट (हत्याराच्या मापाची दुरुस्ती) बदलता आणि जॉब मोजता ना, तसंच हे.

पुढे काही बिघडलं, की गिट या कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅममधलं 'बायसेक्ट' वापरून दोषी बदल शोधतात. दर वेळी निम्मे बदल बाद होत जातात, त्यामुळे हजार बदलांतला दोषी साधारण दहा फेऱ्यांत सापडतो. पण त्या एका बदलात पाच कामं कोंबलेली असतील तर सापडूनही उपयोग शून्य. म्हणून दुरुस्ती वेगळी पाठवा, आणि काय बदललं यापेक्षा का बदललं ते लिहा. साफसफाई हवी आहे का, हे आधी विचारा. मला विचाराल तर नवख्यानं त्या फंदात पडूच नये.

सावधगिरीला दुसरंही कारण आहे. 'एक्सझेड' या फायली लहान करणाऱ्या प्रोग्रॅमच्या प्रकल्पात एकानं दोनेक वर्षं उपयोगी काम करून विश्वास मिळवला आणि मग चोरवाट घुसवली. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा माग काढताना आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यांनी २०२४मध्ये ती पकडली. तेव्हापासून अनोळखी माणसाचा भलामोठा बदल आला की लोक दोनदा बघतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

प्रश्न : एआयकडून लिहून घेतलेला कोड पाठवला तर चालतो का?
(वडगाव, बेळगाव)

प्रकल्पावर आहे. जेंटू या लिनक्सच्या एका प्रकारानं २०२४मध्ये बंदी घातली, संगणकात दुसरा संगणक चालवणाऱ्या क्यूईएमयूनंही २०२५मध्ये असा कोड न घेण्याचं ठरवलं. जिथे चालतो तिथे प्रत्येक ओळीचा जाब तुम्हालाच द्यावा लागेल. मेंटेनरचा प्रश्न त्याच यंत्राला विचारून आणलेलं उत्तर लगेच ओळखू येतं.

प्रश्न : 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ कशासाठी मागतात?
(पुण्याच्या कंपनीचं काम घरून करणारा वाचक, चिकोडी)

हा कोड देण्याचा हक्क मला आहे, अशी ती ग्वाही. एससीओ कंपनीचा कोड आयबीएमनं लिनक्समध्ये घातला, असा एससीओचा दावा होता. तो वाद पेटल्यावर २००४मध्ये कर्नलनं ही पद्धत आणली. तुम्ही नोकरीत आहात, तेव्हा आधी करारपत्र काढून वाचा. घरी, रविवारी लिहिलेला कोडही कंपनीचाच, असं कलम काही करारांत असतं. तसं असेल तर कंपनीकडून लेखी परवानगी घ्या.

प्रश्न : मला कोड येत नाही, पण लिब्रेऑफिस या खुल्या ऑफिस प्रोग्रॅमच्या मराठीतल्या चुका खटकतात.
(शिक्षिका, निपाणी)

मग तुम्ही हव्याच आहात. तिथलं भाषांतर वेबलेट या भाषांतराच्या संकेतस्थळावर चालतं, फायरफॉक्स ब्राउझरचं पाँटूनवर. दोन्ही ब्राउझरमध्येच उघडतात. सुचवलेला शब्द दुसरं कुणीतरी तपासून मग घेतं, तेव्हा हिरमुसू नका. 'श' आणि 'ल' हिंदी वळणाचे दिसत असतील तर आधी मजकुराची भाषा मराठी निवडून बघा. बऱ्याच फॉन्टांत मराठी वळण तेव्हाच उमटतं. तरीही तसंच दिसलं, तर फॉन्टचं नाव, प्रोग्रॅमची आवृत्ती आणि स्क्रीनशॉट जोडून तक्रार नोंदवा.