नीट सोडून अँकर व्हायचं म्हणणाऱ्या लेकीच्या आईला

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. अहमदपूर तालुक्यातलं गाव, तीन एकर सोयाबीन, तुम्ही अंगणवाडीत, लेक लातूरला होस्टेलवर राहून नीटचं रिपीट करायली, पहिल्या वेळी ७२० पैकी ३४० पडले, आणि आता परीक्षा चार महिन्यांवर आली तर म्हणायली की मला डॉक्टर नाही व्हायचं, टीव्हीवर बातम्या देणारी अँकर व्हायचंय. तिचे पप्पा आठ दिवस झाले तिच्याशी बोलेनात. वरून पुण्यातली एक अकॅडमी ९० दिवसांत अँकर करतो म्हणून ६५ हजार मागायली आणि पहिला हप्ता याच महिन्यात भरायचाय. तुम्ही विचारलंय की सर हे पोरीचं खूळ आहे का त्यात खरंच काही आहे, आणि पैसे भरू का.

पैशाचं आधी सांगतो कारण त्याला तारीख आहे. भरू नका. ९० दिवसांत अँकर कुणीच होत नाही. अशा क्लासात मेकअप, कॅमेऱ्याकडं बघणं, हात कसे ठेवायचे आणि प्रॉम्प्टर वाचणं एवढं शिकवतात आणि शेवटी एक सर्टिफिकेट हातात देतात. प्रॉम्प्टर म्हणजे कॅमेऱ्याच्या लेन्सपुढं काचेवर अक्षरं सरकत असतात ते, त्याची सवय चॅनलमध्ये गेल्यावर आठ-पंधरा दिवसांत होते आणि चॅनलवालेच ती करून घेतात, त्याला ६५ हजार कशाला. प्लेसमेंटचं बोलत असतील तर मागच्या बॅचचे किती जण कोणत्या चॅनलला लागले ते लिहून मागा, मग बघा काय उत्तर येतं.

मी पालकांच्या पत्रांना उत्तरं द्यायच्या या कामात यायच्या आधी सहा वर्षं मुंबईत एका मराठी न्यूज चॅनलच्या आउटपुट डेस्कवर होतो, म्हणजे अँकर जे वाचतात ते लिहून देणाऱ्यांत, त्यामुळं आत काय चालतं ते माहीत आहे. आपल्याला घरी दिसतं की एक बाई छान जॅकेट घालून न अडखळता बोलायली. तिच्या कानात इअरपीस असतो आणि त्यात पीसीआरमधून, म्हणजे कंट्रोल रूममधून, प्रोड्युसर सारखा बोलत असतो, बाईट, म्हणजे कुणाच्या बोलण्याची क्लिप, आली नाही, फोनोवर, म्हणजे फोनवरच्या रिपोर्टरकडं, जा, पाहुण्याला थांबव, ब्रेकला दहा सेकंद, आणि हे सगळं ऐकत ऐकत तोंडातलं वाक्य सरळ पूर्ण करायचं, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. रनडाऊन, म्हणजे कोणती बातमी कितव्या नंबरला ती यादी, ती बुलेटिन चालू असतानाच तीन-चार वेळा बदलते. हेही सरावानं जमतं. कस लागतो ब्रेकिंगला. समजा बस पुलावरून खाली गेली, एवढी एकच ओळ आलीय, रिपोर्टर अजून वाटेत आहे, प्रॉम्प्टर कोरा आणि कानात प्रोड्युसर म्हणतो बोलत राहा. वीस मिनिटं काय बोलणार? ज्याला तो रस्ता माहीत आहे, तिथून जवळचं सरकारी रुग्णालय किती लांब आहे, त्या पुलाची तक्रार कधी झाली होती हे ज्यानं वाचून ठेवलंय तो बोलतो. बाकीचे तीच ओळ फिरवून फिरवून म्हणतात आणि आवाज चढवतात. टीव्हीवर जो आरडाओरडा आपल्याला नकोसा होतो त्यातला बराचसा माहिती कमी पडल्यामुळं असतो, हे मी आतून बघितलंय.

आणि माहिती म्हटलं की इथं आपल्या भागातल्या पोरांचं पारडं जड आहे, हे मला तुम्हाला मुद्दाम सांगायचंय. डेस्कवर मला सारखं विचारायचे, पाथरी आणि पाथर्डी एकच का? एक परभणीत, एक अहिल्यानगरात. कळंब धाराशिवचं का यवतमाळचं, आष्टी बीडची का वर्ध्याची. एकदा शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी अशीच दुसऱ्या जिल्ह्याचं नाव लागून गेली, स्क्रिप्ट मीच तपासली होती, आणि संध्याकाळी त्या घरातल्या माणसाचा फोन आला की आमचं गावसुद्धा तुम्हाला नीट सांगता आलं नाही का. ते अजून विसरलो नाही. धरणाचंच घ्या, 'जायकवाडीत एवढे टक्के पाणी' असं वाचून टाकतात, पण ते टक्के उपयुक्त साठ्याचे असतात, मृत साठा वेगळा, जायकवाडीचा उपयुक्त साठा साधारण ७६ टीएमसी आणि एकूण १०२ च्या पुढं, आणि मृत साठा कालव्याला जात नाही हे पैठणपासून परभणीपर्यंत प्रत्येक शेतकऱ्याला कळतं, वाचणाऱ्याला कळतंच असं नाही. एप्रिल २०१६ ला मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला १० वाघिणी, साधारण ५ लाख लिटर, तेव्हा देशभरचे कॅमेरे लातूर स्टेशनवर उभे होते. तुमची लेक तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल. टँकरमागं घागर घेऊन पळालेली पोरगी ती बातमी वाचेल आणि एसीत वाढलेली वाचेल, यात फरक पडतोच.

आता खुळाचं. आरशापुढं उभं राहून वाचणं, रील करणं, अँकरची नक्कल करणं हे सगळं तुम्ही लिहिलंय आणि त्यावरून मला काही ठरवता आलं नसतं, कारण कॅमेऱ्याची आवड आणि बातमीची आवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बाहेरून मात्र सारख्याच दिसतात. पण तुम्ही पत्रात मधेच तक्रार म्हणून एक लिहिलंय की गेल्या पावसाळ्यात सुट्टीवर आली तेव्हा नदीचा पूल पाण्याखाली गेल्याचा व्हिडिओ काढला, कुणाकुणाची जनावरं वाहून गेली ते घरोघर जाऊन वहीत लिहिलं, तलाठ्याला फोन करून पंचनामा कधी होणार विचारलं आणि ते सगळं गावच्या ग्रुपवर टाकलं, 'नसती उठाठेव'. ताई, ही उठाठेवच तर बातमीदारी आहे. तिला कुणी शिकवलं नव्हतं, नटून कॅमेऱ्यापुढं उभंही राहायचं नव्हतं, तरी ती चिखलातून घरं मोजत फिरली. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच वाटली.

मग नीटचं काय? क्लासची फी गेलीय, परीक्षा देऊ द्या, आणि मनापासून देऊ द्या. पण या वेळी मार्क नाही आले तर पुन्हा रिपीटला बसवू नका, हे हात जोडून सांगतो. लातूरच्या ट्युशन एरियात मी तीन-तीन वर्षं अडकून मनानं पार खचलेली लेकरं बघितलीत. त्यानंतर पदवी कोणतीही चालते. बीएस्सी केली तरी काही बिघडत नाही, आरोग्याची, हवामानाची, शेतीची बातमी समजून सांगणारी माणसं चॅनलला नेहमीच कमी पडतात. पदवीनंतर दोन वर्षांचं पत्रकारितेचं एमए संभाजीनगरच्या विद्यापीठात आहे, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात माध्यमशास्त्र संकुल आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, आणि आयआयएमसीच्या, म्हणजे भारतीय जनसंचार संस्थेच्या, अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेचा एक वर्षाचा पीजी डिप्लोमा आहे. माझा कल आधी विद्यापीठाकडं, फी आवाक्यात आणि लिहायची सवय लागते. त्या काळात एखाद्या जिल्हा दैनिकात बातम्या लिहाव्यात, आकाशवाणीच्या युववाणीत आवाज द्यावा. संभाजीनगर आकाशवाणीवरून प्रादेशिक बातम्या जातात, तिथं हंगामी वृत्तनिवेदकांचं पॅनल असतं, पदवी लागते आणि आवाजाची चाचणी होते.

चॅनलमध्ये पहिल्या दिवशी कुणी खुर्चीवर बसवत नाही. आधी डेस्कवर ट्रेनी, नाहीतर रिपोर्टर, मग पहाटेचं बुलेटिन, जे कमी लोक बघतात ते, म्हणजे चुका तिथं होऊन जातात. पगार सुरुवातीला १५ ते २० हजारांच्या आसपास, माझ्या पाहण्यातले तरी, आणि मुंबईत कॉटबेसिसवर, म्हणजे खोलीत एका खाटेपुरतं भाडं देऊन, राहून जेवून त्यातलं काही उरत नाही, पहिली दोन वर्षं घरून थोडे पैसे लागतील असंच धरून चाला. पुढं नाव झालं तर चांगले मिळतात, पण नोकरी पक्की नसते. टीआरपीवर कार्यक्रम हलतात, ऑक्टोबर २०२० पासून मार्च २०२२ पर्यंत तर न्यूज चॅनलचे रेटिंगच बंद होते, मालक बदलतो, नाव बदलतं, स्टार माझाचं २०१२ ला एबीपी माझा झालं तसं. आपण लहानपणी दूरदर्शनवर प्रदीप भिडेंना ऐकलंय, १९७४ पासून कित्येक दशकं तो एकच आवाज घराघरात होता, तसं एका जागी आयुष्य आता निघत नाही. २००७ ला मराठीत २४ तासांचं पहिलं न्यूज चॅनल आलं तेव्हापासून हा धंदा वेगळाच झालाय. आता तर एआय अँकरही आलेत, नुसतं समोरचं वाचायचं काम यंत्र करेल, म्हणून तर म्हणतो की तिनं चेहऱ्यापेक्षा लिहिण्यावर मेहनत घ्यावी.

रात्रीच्या शिफ्टची तुमची भीती खरी आहे. सकाळच्या बुलेटिनला पहाटे चारला गाडी येते आणि रात्रीची शिफ्ट बाराला सुटते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि सुरक्षेची आणि ने-आण करायची जबाबदारी मालकाची. त्रास झाला तर २०१३ च्या कायद्यानं दहा आणि त्याहून जास्त माणसं असलेल्या ऑफिसात अंतर्गत समिती हवीच. नोकरी धरताना गाडी मिळते का आणि समिती कुठं आहे हे विचारायला लाजू नये. बाई अँकरला ऑनलाईन लई घाणेरडं बोलतात, तेही आत्ताच तिला माहीत असू द्या.

इथून पुढचं लेकीला वाचायला द्या.

बेटा, आईनं लिहिलंय की तू घरात 'करायली, जायली' बोलतेस म्हणून तुला मैत्रिणी हसतात आणि तू हल्ली घरीसुद्धा पुण्यासारखं बोलायचा प्रयत्न करतेस. ते सोड. बुलेटिनची मराठी सगळ्यांनाच शिकावी लागते, पुण्याच्या पोरींनापण. तुला एवढंच घोटायचंय, पाणीमधला ण, काळजीतला ळ, 'जमीन' आणि 'जिल्हा' यातले दोन वेगळे ज, 'चार' आणि 'चारा' यातले दोन वेगळे च, कारण 'चार चारा छावण्या' हे तुला उद्या हजार वेळा वाचावं लागणारंय. आणि आपली बोली तशीच ठेव, पुरात घर गेलेल्या म्हातारीला 'आपली प्रतिक्रिया काय' विचारलं तर ती गप्प बसेल, 'काय झालं वं माय' म्हणालीस तर सगळं सांगेल. असली बातमी वाचून झाली की लगेच पुढची क्रिकेटची हसून सुरू करायची नाही, मधे एक श्वास घ्यायचा.

अभ्यास सांभाळून रोज अर्धा तास काढ आणि ३० दिवस हे कर. संध्याकाळी आकाशवाणीच्या बातम्या ऐक, पेपर बघ, आणि पाच मिनिटांचं बुलेटिन स्वतःच्या वाक्यांत लिही, कॉपी नको. त्यात रोज एक बातमी तुझ्या तालुक्यातली आणि तू स्वतः फोन करून खात्री केलेली पाहिजे. मग मोबाईलवर आवाज रेकॉर्ड कर, व्हिडिओ नको. दहा-बारा दिवसांनी कंटाळा येईल, सगळ्यांना येतो. त्यानंतरही बातमीसाठी फोन करावासा वाटला तर मला कळव, आणि नाही वाटला तरी तसंच कळव, त्यात लाजण्यासारखं काही नाही, तुझी तीन वर्षं वाचतील. मला विसाव्या दिवसानंतरची तीन रेकॉर्डिंग पाठव, पहिल्या आठवड्यातली नको.

आणि ताई, पहिल्या दिवसापासून तिला त्या बुलेटिनमध्ये लातूर मार्केटचा सोयाबीनचा भाव घ्यायला सांगा, आणि रात्री जेवताना फोनवरून तिच्या पप्पांना ऐकवा. भाव चुकला तर ते गप्प बसणार नाहीत.